आपोआप जाणारे पैसे

१

ग्लेनव्होल्ट वीज-गॅस कंपनीकडे साठलेले वॉटी गॅलोवेचे सहाशे चौऱ्याऐंशी पौंड कंपनीनं परत केले होते. तसं तिनं छापील कळवलंही होतं. फक्त ते वॉटीला मिळाले नव्हते.

"चोरी झालीय," वॉटी म्हणाला. "आणि चोर घरातलाच आहे."

उना बेअर्डनं चहाची किटली जरा जोरातच आपटली. ग्लासगोच्या बसकंपनीत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागं तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी डेनिस्टनच्या या चाळवजा इमारतीतली माणसं तिला ती खिडकी काही सोडू देत नव्हती. कुणाचं मांजर, कुणाची कवळी, कुणाचा नवरा. आता हे.

"बसा आणि सुरुवातीपासून सांगा," ती म्हणाली. "आणि बुटांचा चिखल माझ्या गालिच्यावर नको."

वॉटी बसला. ऐंशीच्या घरातला, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात हाडं झिजवलेला माणूस. ताठ. कुणाचा एक पेनीही कधी ठेवला नाही, हे दिवसातून एकदा तरी ऐकवणारा.

वसंतात त्याच्या नातीनं, कर्स्टीननं, त्याची कंपनी बदलून दिली होती. ग्लेनव्होल्ट महिन्याला एकशेसात पौंड कापत होती, नवी ब्राइटहार्थ ब्याण्णवच घेणार होती. कर्स्टीननं त्याच्याच स्वयंपाकघरात बसून, त्याचं बँकेचं कार्ड समोर ठेवून फोनवर सगळं भरलं. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं. हिशेबात वॉटीचेच पैसे जास्त निघाले. मग दीड महिना वॉटी बँकेच्या खेपा घालत होता. एक पौंड जमा झाला नव्हता.

"स्वस्त झालं म्हणे! गेले दोन महिने माझं खातं उणेत जातंय. आयुष्यात पहिल्यांदा बँकेनं दंड लावला मला. स्वस्ताईनं पार कंगाल केलं बघ, उना."

"पण चोर घरातला कशावरून?"

वॉटीनं खिडकीबाहेर पाहिलं. "लग्नात गाणी फोनवरच वाजवणार, पैसे नाहीत, असं म्हणत होती पोरगी. कंपनीनं पैसे सोडले म्हणून कळवलं त्याच आठवड्यात तिनं सहा जणांचा बँड ठरवला. रोख. मी विचारलं, पैसे कुठून आले? तर सांगत नाही! माझं कार्ड तिच्या हातात होतं. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

कर्स्टीनला वॉटी आणि त्याची बायको नेटा यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. नेटा चार वर्षांपूर्वी गेली. पोरीच्या मागं आता हा एवढा म्हाताराच उरला होता.

"परवा तिचं लग्न आहे ना?" उनानं विचारलं. "तिचा हात धरून चर्चमध्ये तुम्हीच चालणार होतात."

"मी जाणार नाही," वॉटी म्हणाला. "चोराचा हात धरून मी चालणार नाही."

२

आधी कंपनीलाच विचारावं, म्हणून उनानं फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं एका बाईनं सांगितलं आणि मग तुतारीचं एक कडवं लावून दिलं. ते कडवं संपायचं, बाई परत महत्त्व सांगायची, परत तुतारी. उनाचा चहा झाला, दुसरा झाला, वॉटीला डुलकी लागली. तुतारीवाल्याचा गळा धरावासा वाटू लागला तेव्हा जॉर्डन नावाचा एक मुलगा बोलला.

"मिस्टर गॅलोवे, सुरक्षेसाठी थोडी माहिती विचारतो."

नाव बरोबर आलं. पत्ता, जन्मतारीख, सगळं बरोबर.

"आणि आमचा महिन्याचा हप्ता, म्हणजे डायरेक्ट डेबिट, कुठल्या बँकेतून जात होता?"

"क्लाइडसाइड."

"माफ करा. जुळत नाही."

"जुळत नाही म्हणजे? पन्नास वर्षं तिथं खातं आहे माझं! तू जन्मला नव्हतास, तुझा बाप जन्मला नव्हता, तेव्हापासून!"

"परत एकदा प्रयत्न करता का?"

"क्लाइड. साइड."

"माफ करा. तुमच्याच सुरक्षेसाठी मला पुढं बोलता येणार नाही."

"अरे बाळा," उना मध्ये पडली, "नियम तरी सांगशील? परत द्यायचे पैसे तुम्ही पाठवता कुठं?"

"ज्या खात्यातून हप्ता कापला जायचा, त्याच खात्यात. दुसरीकडं पाठवतच नाही, मॅडम. आणखी काही मदत करू शकतो का?"

"आणखी म्हणजे?" वॉटी गरजला. "आधी कुठली केलीस?"

तिकडून फोन ठेवला गेला. उनानं पुन्हा लावला. पुन्हा तुतारी, पुन्हा एक मुलगी, पुन्हा बँकेचं नाव, पुन्हा जुळत नाही. उनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पैसे तुमच्याच खात्यात जाणार, तर मग कर्स्टीन घेणार कसे?" तिनं वॉटीला विचारलं.

"तिनं खात्याचा नंबर बदलून घेतला असेल. म्हणूनच जुळत नाहीये."

उनानं फोन पालथा घातला. खरं तर त्या जॉर्डननं तिला सगळ्यात मोठा धागा हातात दिला होता. पण ती इतकी चिडली होती, की तिनं तो मूर्खपणात जमा करून टाकला.

३

कर्स्टीन आपल्या भाड्याच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून पाहुण्यांसाठी टॅब्लेटच्या, म्हणजे आटीव दूध-साखरेच्या वड्या चिमुकल्या पिशव्यांत भरत होती. तिचा होणारा नवरा डेक्लन बाजूला बसून निम्म्या पिशव्यांत, निम्म्या तोंडात टाकत होता.

"आजोबांनी पाठवलं ना तुम्हाला?" कर्स्टीननं मान वर केली नाही.

"मी स्वतः आले. बँडचे पैसे कुठून आले, पोरी?"

"सांगणार नाही."

"अगं, एका वाक्यात सुटेल सगळं."

"मी शब्द दिलाय एकाला. आणि तसं नसतं तरी सांगितलं नसतं." तिनं गाठ इतकी करकचून मारली की फीतच तुटली. "ज्या माणसानं मला सायकल शिकवली, तो दारात उभा राहून विचारतो, 'माझे पैसे कुठं आहेत?' नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याला मी काय, पावती दाखवायची?"

"मी म्हटलं होतं, त्यांना माझ्या बँकेचा उतारा दाखवू," डेक्लन म्हणाला. "सहाशे पौंड माझ्याकडं असते तर हा सूट मी मामेभावाकडून मागून आणला असता का? बाह्या बघा. दोन बोटं तोकड्या."

उनानं बाह्या बघितल्या. खरोखरच तोकड्या होत्या.

"नव्या कंपनीचं सगळं तूच भरलंस ना?"

"हो. हप्ता कुठल्या खात्यातून लावू असं आजोबांना विचारलं, तर म्हणाले, 'माझ्याच, दुसऱ्या कुणाच्या?' त्यांना तर खात्याचा नंबरही ठाऊक नव्हता. कार्ड शोधायला अर्धा तास गेला. आधी सगळं नेटा आजी बघायची. ते म्हणायचे, तिनं लावून ठेवलंय, जातं आपोआप."

"आणि जुन्या कंपनीकडं तू काही बदललंस? खात्याचा नंबर वगैरे?"

"जुन्या कंपनीशी मी बोललेच नाही. नवी कंपनीच जुनीला कळवते. मी कशाला बोलू? त्या तुतारीसाठी?"

उना उठली. दारात तिला राहवलं नाही. "उद्याचा दिवस आहे अजून. आजोबा नाही आले तर?"

"नाही आले तर नाही आले," कर्स्टीन म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "तसंही माझ्याबरोबर चालायला मी दुसऱ्या कुणाला विचारलंय."

४

नेटाची बहीण मॉर्ना त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. वॉटीशी तिचं रोजचं भांडण. जिना धुण्याची पाळी कुणाची, यावरून दोघं बिनचूक आठवड्यातून एकदा एकमेकांचा उद्धार करत. दुसऱ्या दिवशी सकाळी उना गेली तेव्हा मॉर्ना स्वयंपाकघरात छताला टांगलेल्या कपडे वाळवायच्या दांड्या दोरीनं खाली ओढत होती.

"त्या म्हाताऱ्याचं काय बिनसलंय?" तिनंच सुरुवात केली. "शेजारच्या पोराच्या हातून सूप पाठवलं, तर त्याला दारातूनच घालवलं. उद्या लग्न आणि याचं तोंड बघ."

उनाला चोरीबद्दल बोलायचं नव्हतं. वॉटीनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं, मेव्हणीला तर मुळीच नाही. म्हणून ती वळणानं गेली. "पैशाची ओढाताण आहे वाटतं. ती कंपनी बदलल्यापासून."

मॉर्नानं दोरी तशीच हातात धरली. "त्या कंपनीचं नाव काढू नकोस! कुणी सांगितलं होतं बदलायला? चांगलं चाललं होतं. मला एका शब्दानं विचारलं नाही. पोरीचं काय, भाबडी, तिला वाटलं म्हाताऱ्याचं भलं होईल. आता महिन्याला ब्याण्णव पौंड त्याला कुठून झेपणार? पेन्शन केवढी त्याची!"

"खरं आहे," उना म्हणाली. "महाग झालंय सगळं."

मॉर्नानं सूप वाढलं. उनानं ते खाल्लं, चांगलं होतं म्हणून सांगितलं, आणि जिना चढायला लागली. पहिल्या वळणावर ती थांबली.

ब्याण्णव कसे झेपणार? अरे, मग आधी एकशेसात कसे झेपत होते?

५

उना पायरीवरच बसली. तिला स्वतःचाच राग आला होता.

त्या खिडकीमागं तिनं एक गोष्ट शिकली होती. निम्मी माणसं आपल्याकडं कधी नव्हतीच ती वस्तू शोधायला येतात. बसमध्ये छत्री राहिली म्हणून कंडक्टरच्या नावानं शिमगा करायचा, आणि ती छत्री त्या दिवशी घराबाहेरच पडलेली नसायची. म्हणून ती कुठं हरवली हे उना विचारायचीच नाही. ती विचारायची, शेवटची कुणाच्या हातात होती?

सगळे जण पैसे कुठं गेले ते शोधत होते. ते आले कुठून, हे कुणीच विचारलं नव्हतं.

वॉटीचा नवा हप्ता जुन्यापेक्षा कमी, पेन्शन तेवढीच, तरी खातं उणेत जायला लागलं ते आता. म्हणजे जुना हप्ता त्याच्या खात्यातून जातच नव्हता. कंपनीच्या पोरांनी दोनदा सांगितलं, बँक जुळत नाही. पोरं मूर्ख नव्हती. हप्ता खरोखरच दुसऱ्या बँकेतून, दुसऱ्या माणसाच्या खात्यातून जात होता. बिल वॉटीच्या नावावर, पैसे दुसऱ्याचे. आणि नियमाप्रमाणं ते ज्याचे होते त्यालाच परत मिळाले. चोरी झालीच नव्हती.

मग भरत कोण होतं? कर्स्टीन नाही. ती भरत असती तर नव्या कंपनीलाही तिनं स्वतःचाच नंबर दिला असता, म्हाताऱ्याचं कार्ड शोधत अर्धा तास घालवला नसता. डेक्लनला तर सूट परवडत नव्हता. ज्याच्यावर नेटाचा विश्वास होता, जो कंपनी बदलल्यावर चिडला, वॉटीला हे झेपणार नाही हे ज्याला पक्कं माहीत होतं, आणि ज्याच्या हातात अचानक सहाशे पौंड आल्यावर एका नवरीला गुपचूप बँड मिळाला, असा माणूस या इमारतीत एकच होता. तो आत्ता खाली कपडे वाळत घालत होता.

उना तशीच उलटी उतरली.

"मॉर्ना, तू वॉटीचं बिल भरत होतीस."

मॉर्नाचा हात चादरीवर थांबला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

मॉर्नानं चादर दांडीवर नीट पसरली. मग खुर्चीत बसली. "नेटा हॉस्पिटलात होती. म्हणाली, 'बिल दिसलं की तो हीटर बंद करेल आणि कोट घालून बसेल. गारठून मरेल, पण कुणाकडून घेणार नाही. तू तुझ्या खात्यावर लाव आणि त्याला कळू देऊ नकोस.' मी लावलं. कंपनीवाले दरवर्षी हप्ता वाढवत गेले, मी देत गेले. डायरेक्ट डेबिट एकदा लागलं की कोण बघतं? त्यालाही वाटत राहिलं, नेटानं लावलंय, जातंय."

"आणि परत आलेले पैसे?"

"माझेच होते ना? पोरीला दिले. आजोबांना सांगू नकोस म्हटलं. मी दिले कळलं असतं तर त्यानंही तेवढेच द्यायचा हट्ट धरला असता, आणि मग हिवाळाभर कोट."

"मॉर्ना," उना म्हणाली, "वॉटी म्हणतो कर्स्टीननं ते पैसे चोरले. तो उद्या लग्नाला जाणार नाहीये."

मॉर्ना उठली ती आधाराला काही न धरता. तिचे गुडघे दोन वर्षं कुरकुरत होते, जिना चढणं तिनं सोडलंच होतं. त्या दिवशी ती उनाच्या पुढं चढली.

६

वॉटीनं दार उघडलं. मॉर्नानं उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. उना भिंतीला टेकून ऐकत होती.

वॉटी आधी लाल झाला, मग पांढरा. "चार वर्षं? चार वर्षं तू मला पोसलंस?"

"तुला कोण पोसतंय? नेटाला शब्द दिला होता."

"मी आयुष्यात कुणाचा एक पेनी..."

"हो, ठाऊक आहे! ऐकून ऐकून कान किटले."

वॉटी तरातरा गेला आणि हीटरचं बटण खटकन बंद केलं. "आजपासून बंद. किती झाले सांग. पाच हजार? सगळे फेडतो. महिन्याच्या महिन्याला."

"बंद कर," मॉर्ना म्हणाली. "कोट घाल. बस गारठत. नेटा बरोबर हेच म्हणाली होती."

वॉटीचा हात बटणावरच राहिला. उनाला त्याच्याकडं बघवेना.

"मला तू काही देणं लागत नाहीस, वॉटी," मॉर्ना जरा हळू म्हणाली. "त्या पोरीचं मात्र लागतोस. माझ्यावर दातओठ खाऊन काय उपयोग? तिच्याकडं जा."

"ती दार उघडेल?"

"मला काय माहीत? मी काय तुझी कंपनी आहे?"

वॉटीनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग उनाला म्हणाला, "तू चल बरोबर. मला शब्द सुचायचे नाहीत."

"शब्द तुमचे तुम्हीच बोला," उना म्हणाली. "बसचा रस्ता दाखवते फार तर."

७

कर्स्टीननं दार उघडलं. केसांत गुंडाळ्या, अंगात डेक्लनचा जुना टी-शर्ट.

वॉटी बसमध्ये सगळा वेळ ओठ हलवत होता. तयारी करून आलेलं भाषण त्यानं सोडूनच दिलं. "पैसे माझे नव्हतेच," तो म्हणाला. "मॉर्नाचे होते. जिना चढून आली ती सांगायला. तू चोर नाहीस, पोरी. मी चुकलो."

"मी चोर नाही हे मला माहीत होतं, आजोबा. तुम्हाला कळायला मॉर्ना आजीला जिना चढावा लागला."

"हो."

"एकदा म्हणायचं होतं, 'कर्स्टीन, असं झालंय, काय करू या?' मी तुमच्याबरोबर त्या तुतारीपुढं दिवसभर बसले असते. पण तुम्ही विचारलंतच नाही. ठरवूनच आलात."

"हो," वॉटी पुन्हा म्हणाला. मग त्यानं टोपी हातात घेतली. "उद्या तुझ्याबरोबर चालू का मी?"

उनाला वाटलं, आता ही हो म्हणेल. मघापासून तिचे डोळे भरून आले होते.

"नाही," कर्स्टीन म्हणाली. "मॉर्ना आजीला विचारलंय मी, कारण न सांगता. ती हो म्हणालीय. गुडघे दुखत असताना हो म्हणालीय. आता तिला नाही म्हणायचं का?"

वॉटीनं मान हलवली. नाही.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं. एवढा ताठ माणूस, पण हे त्यानं एखाद्या शाळकरी मुलासारखं विचारलं.

"पहिल्या रांगेत बसा," कर्स्टीन म्हणाली, "आणि रडा. मोठ्यानं. लाजायचं नाही. मी ते पाठीमागून ऐकणार आहे." आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॉर्ना लंगडत लंगडत कर्स्टीनला घेऊन आली. वॉटी पहिल्या रांगेत, कडेला, इस्त्रीच्या शर्टात बसला होता. सुरुवातीला त्यानं दात आवळून धरले. चारचौघांत रडायची सवय त्याला कुठली? नेटाच्या वेळीही तो रडला नव्हता. पण पाद्रीबाईंनी पोरीचं पूर्ण नाव घेतलं, तिच्या आजीचं नाव मधोमध असलेलं, आणि त्याचा बांध फुटला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. पाद्रीबाईंना थांबावं लागलं. उनानं त्याच्या हातात रुमाल कोंबला, तर त्यानं तो परत केला.

कर्स्टीन वळली. तिचा स्वतःचा चेहरा भिजला होता.

"अजून मोठ्यानं, आजोबा," ती म्हणाली.